लहरी मोफत, मनोरा महाग

मुंबई, विशेष प्रतिनिधी – भारतनेटची ऑप्टिकल फायबर केबल ग्रामपंचायतीपर्यंत आली तरी पुढच्या चार-पाच किलोमीटरचा प्रश्न शिल्लक राहतोच. पालघरसारख्या जिल्ह्यात एकेका ग्रामपंचायतीचे पाडे दूरदूर विखुरलेले असतात. मध्ये ओढा, खडक आणि वनखात्याची जमीन. अशा ठिकाणी चर खणत बसण्यापेक्षा दोन टोकांना समोरासमोर अँटेना बसवून बिनतारी जोडणी देणे केव्हाही स्वस्त. मुंबईच्या आयआयटीने 'ग्राममार्ग' प्रकल्पातून याच जिल्ह्यात, खामलोली परिसरापासून सुरुवात करून, हा मार्ग चाचपून पाहिला आणि २०१७ साली मोझिलाच्या स्पर्धेत त्याचा गौरवही झाला.

कायद्याची मोठी अडचणही आता उरलेली नाही. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्येच परवानामुक्त झाला. पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील ६०५ मेगाहर्ट्झ २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये इमारतीबाहेरील वापरासाठीही खुले झाले. अर्थात, या लहरी सर्वांच्या सामाईक आहेत. शेजारच्याच्या यंत्राने व्यत्यय आणला तर दाद मागायची सोय नाही.

तरीही या जोडण्या बंद का पडतात? पहिले कारण सर्वेक्षणात सापडते. समोरची अँटेना डोळ्यांना दिसली म्हणजे काम झाले, असा समज सार्वत्रिक आहे. वस्तुतः रेडिओलहरींना दोन टोकांमध्ये विडीसारखा, मध्यभागी फुगीर असा मोकळा अवकाश लागतो. ५.८ गिगाहर्ट्झवर दहा किलोमीटरच्या जोडणीत मध्यावर त्याची त्रिज्या सुमारे साडेअकरा मीटर भरते. त्यातला निदान साठ टक्के भाग, म्हणजे जवळपास सात मीटर, निर्वेध हवा. पृथ्वीच्या गोलाईसाठी आणखी दीड मीटर धरावा लागतो. शिवाय सर्वेक्षण मे महिन्यात झाले असेल, तर त्या वेळी साग निष्पर्ण असतो. जुलैमध्ये तोच साग हातभर पानांनी भरतो आणि ओली पाने लहरी शोषून घेतात. पावसाला उगाच दोष दिला जातो. या पट्ट्यात काही किलोमीटर अंतरावर पावसाच्या धारांनी होणारी घट किरकोळ असते, ती जाचक ठरते साठ-ऐंशी गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत.

झाडांवरून जायचे तर उंची हवी, आणि खर्च तिथेच आहे. कानपूरच्या आयआयटीने २००० च्या दशकात गंगेच्या सपाट खोऱ्यात वाय-फायच्या लांब पल्ल्याच्या जोडण्या उभारल्या, तेव्हा वाय-फायची यंत्रे स्वस्त आणि मनोरे महाग, असाच हिशेब समोर आला. सह्याद्रीच्या कुशीतल्या गावांना टेकडी आयती मिळते, ही जमेची बाजू. पण टेकडीवर वीज नसते, आणि आकाशातली वीज मात्र नेमकी तिथेच उतरते. तडितरक्षक आणि नीट अर्थिंग नसेल, तर वळवाच्या पहिल्याच गडगडाटात यंत्र जळू शकते.

दुसरे कारण वीजपुरवठ्याचे. तमिळनाडूत थेनी परिसरातील अरविंद नेत्ररुग्णालयाने आपली दृष्टिकेंद्रे अशाच जोडण्यांनी रुग्णालयाशी जोडली. खेड्यातला रुग्ण पडद्यावरून डॉक्टरांशी बोलू लागला. त्या जाळ्यावर काम करणाऱ्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांना पुढे आढळले, की बिघाडांचे एक मोठे मूळ वीजदाबातील चढउतारांत आहे. लहरींचे गणित बिनचूक असूनही यंत्रे बंद पडत होती, आणि दुरुस्ती जाणणारा माणूस जवळ नव्हता.

आपल्याकडील निविदांत यंत्राची क्षमता दशांशापर्यंत लिहिलेली सापडते. श्रावणातले सर्वेक्षण, अर्थिंगची वार्षिक तपासणी आणि मनोऱ्यावर चढणाऱ्या स्थानिक तरुणाचे मानधन यांनाही तिथे स्वतंत्र रकाने हवेत. २०२३ साली मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये उभारणीनंतरच्या दहा वर्षांच्या देखभालीचा भार कंत्राटदारावर टाकण्यात आला आहे. ग्रामपंचायतीच्या गच्चीवरून पाड्याकडे जाणाऱ्या अँटेनेलाही तोच नियम लावता येण्यासारखा आहे.