तिकडील कळवणे

डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला की हल्ली मला धडकी भरते. थंडीची नव्हे, हसनाबादची थंडी माझ्या ओळखीची आहे, एका घोंगडीत आटोपते. धडकी भरते ती नातेवाइकांच्या वार्षिक अहवालांची. पूर्वी असे अहवाल फक्त सहकारी संस्था काढत आणि ते न वाचण्याची सभासदांना पूर्ण मुभा असे. आता कुटुंबं काढतात, आणि दुसऱ्या दिवशी फोन करून विचारतात, ‘वाचलंत ना?’

‘प्रिय सर्वांनो’ या मायन्यापासूनच माझं भांडण सुरू होतं. सर्व म्हणजे कोण हो? आमच्या पत्रांत थोरल्याला ‘शि. सा. न.’ असे, धाकट्याला ‘अ. उ. आ.’ असे. पत्र उघडताक्षणी माणसाला आपली पायरी कळे. ‘सर्वांनो’ ही काय पायरी झाली? ती तर सतरंजी! पुढे मग कर्त्या पुरुषाची बढती, मुलीचा कराट्यातला पट्टा, आइसलंडची सहल, नव्या स्वयंपाकघराचे ओटे. शेवटी एक फोटो. त्यात चौघेही एकाच रंगाचे स्वेटर घालून उभे, लग्नातल्या बँडवाल्यांसारखे. आणि खाली ‘एकंदरीत वर्ष छान गेलं!’ हे उद्गारचिन्ह तर माझ्या डोक्यातच जातं.

या प्रकाराचं मूळ शोधायला गेलं तर ते लंडनला सापडतं. हेन्री कोल नावाच्या गृहस्थांकडे १८४३ च्या नाताळात उत्तरं द्यायची पत्रं फार साठली आणि लिहायला सवड होईना. त्यांनी एक चित्र काढवून घेतलं, त्याची हजारभर कार्डं छापली आणि मोकळे झाले. म्हणजे बघा, ज्या घराण्यातला हा अहवाल, त्याच्या मूळपुरुषाचा जन्मच मुळी पत्र लिहायचं टाळण्यासाठी झाला! आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

आमच्याकडे पोस्टकार्ड आलं १८७९ साली, पाव आण्याला. पुढे ते पंधरा पैशांवर आणि मग पन्नास पैशांवर गेलं, पण मजकूर काही वाढला नाही. ‘इकडील सर्व क्षेम. तिकडील कळवणे.’ लोक या ओळींना हसतात. साचेबंद म्हणतात. अहो, साचेबंद तर खरंच. पण त्यात दोन वाक्यं होती. पहिलं आपलं आणि दुसरं समोरच्याचं. या छापील अहवालवाल्यांनी पहिलं वाक्य फुगवून पाच पानांचं केलं आणि दुसरं गाळूनच टाकलं. पाच पानांत एक प्रश्नचिन्ह नाही! हवं तर मोजून पाहा. मी मोजलेलं आहे.

त्या कार्डाला खोटंही बोलता येत नसे. लग्नाचं असेल तर कोपऱ्यांना हळदकुंकू, आणि वाईट बातमीचं असेल तर कोपरा फाडलेला. तसलं कार्ड उंबऱ्याबाहेरच वाचायचं आणि तिथंच फाडायचं. पोस्टमनच्या चेहऱ्यावरूनच अर्धा मजकूर कळे. माझ्या पेटीत अजून अशी जुनी कार्डं आहेत, ‘तालुका भोकरदन, जिल्हा औरंगाबाद’ अशा पत्त्याची. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. त्यानंतरही आमचे एक मामा कित्येक वर्षं जुनाच जिल्हा घालत आणि पत्र बिनचूक पोचे. आता तर त्या औरंगाबादचंच छत्रपती संभाजीनगर झालं. असो.

दुसरं म्हणजे, वर्ष डिसेंबरात संपतं हे यांना सांगितलं कोणी? आमच्या गावात सालगड्याचं साल पाडव्याला संपतं. व्यापाऱ्याची वही दिवाळीत बदलते, सरकारचं वर्ष ३१ मार्चला धापा टाकत संपतं आणि मास्तरांचं परीक्षेच्या निकालाला. एकतीस डिसेंबरला हसनाबादेत काय संपतं? तूर शेंगात असते, कापसाची वेचणी चालू असते, हरभरा कुठे फुलावर आलेला असतो. सगळंच अर्ध्यावर. आणि अशा वेळी ‘वर्ष छान गेलं’ म्हणून आपण मोकळं व्हायचं! २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पावसाने काय केलं ते तुम्ही पाहिलंच असेल. उभं सोयाबीन पाण्यात कुजलं, जमिनी खरवडून गेल्या. त्याच डिसेंबरात अहवाल आला, ‘सहलीत हवामानाने उत्तम साथ दिली.’ त्यांना दिली हो. चांगलंच झालं. पण ‘तिकडे कसं आहे?’ एवढं विचारायला शाई किती लागते? पीडीएफला तर तीही लागत नाही.

हे अहवाल आमच्याकडे येतात ते पुतण्याचे, न्यू जर्सीहून. वाचतो मी, ऐकतात आमच्या वहिनी, म्हणजे त्याची आई. वहिनींची ऐकण्याची तऱ्हा स्वतंत्र आहे. मी बढती वाचली की त्या म्हणतात, “ते असू द्या भाऊजी, खोकल्याचं काही लिहिलंय का?” मी आइसलंड वाचतो, त्या विचारतात, “तिथं पोळी मिळती का?” थोडक्यात, त्यांना जे हवं असतं ते सोडून बाकी सगळं त्यात असतं.

२०२३ च्या अहवालात एक वाक्य होतं, ‘या वर्षी मला कुटुंबासोबत भरपूर वेळ घालवता आला.’ वहिनींना ते फार आवडलं. त्याचा अर्थ आम्हाला चार महिन्यांनी एका लग्नाच्या पंगतीत कळला. त्याची नोकरी गेली होती. त्याच्यासारख्या व्हिसावर तिकडे राहणाऱ्याची नोकरी गेली की साधारण साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर बोऱ्याबिस्तरा बांधायचा, असा नियम आहे. याला बावन्नाव्या दिवशी मिळाली. घरी जाताना वहिनी गाडीत बराच वेळ गप्प होत्या. मग एवढंच म्हणाल्या, “कळवलं असतं तर राजूरच्या गणपतीला तरी जाऊन आले असते.”

आता तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या माणसाला कशाला घोर लावायचा? हाच तो युक्तिवाद ज्याच्यावर माझा दात आहे. घोर लागू नये म्हणून कळवायचं नाही, तर मग नातं ठेवायचं कशाला? कॅलेंडर ठेवावं, तेही वर्षभर गुळगुळीत असतं. आणि हा रोग एकाच बाजूला नाही बरं का. त्याच वर्षी वहिनींच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, पंधरा दिवस हिरवी पट्टी होती. तेवढे दिवस त्यांनी व्हिडिओ कॉल घेतला नाही. “फोन बिघडलाय म्हणा,” असा मला हुकूम. मी स्पष्ट नकार दिला आणि त्याला खरं तेच सांगितलं. वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पुतण्या मात्र त्यानंतर महिनाभर रोज फोन करत होता.

‘मग लिहायचं तरी काय? रोजचं कोण वाचणार?’ असंही विचारतात. वाचतात हो! २०२१ च्या सप्टेंबरात आयडा वादळाच्या पावसाने न्यू जर्सीत हाहाकार केला. त्या वर्षीच्या अहवालात, चौथ्या पानावर, सहलीच्या दोन फोटोंमध्ये दबून एक ओळ होती. तळघरात पाणी शिरलं आणि नवराबायकोने दोन रात्री बादल्यांनी उपसलं. वहिनींनी ती ओळ माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. बादली केवढी होती, सून पायात चप्पल घालून उपसत होती की अनवाणी, एवढ्या पाण्याचं केलं काय, हे सगळं त्यांना हवं होतं. ते काही त्यात नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याला त्या दारातच सांगत होत्या, “अमेरिकेतलं घर आहे, पण पावसाळ्यात आपल्यासारखंच करतं बघा.”