फुकट प्रवेश म्हणजे दान नव्हे: ब्रिस्टलच्या धक्क्यावरील एक संग्रहालय

शहराच्या इतिहासाचे संग्रहालय विनामूल्य असावे का, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा खर्चाच्या अंगाने विचारला जातो. देखभाल कोण करणार, फुकट मिळाले की लोकांना किंमत राहत नाही, वगैरे. माझ्या मते हा प्रश्न मुळात मालकीचा आहे. तो नीट मांडता यावा म्हणून आजच्या धाग्यात इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील ब्रिस्टल या बंदरात जाऊ.

तेथील जुन्या गोदीच्या काठावर 1950 च्या दशकात बांधलेले मालाचे एक गोदाम आहे. गोद्यांमधील गोदामांना रोमन अक्षरांनी ओळखत, म्हणून हे ‘एम शेड’. 2011 च्या जूनमध्ये ते याच नावाने शहराच्या इतिहासाचे संग्रहालय म्हणून उघडले. दारासमोर जुन्या विजेच्या याऱ्या उभ्या आहेत, धक्क्याला 1861 साली बांधलेली ‘मेफ्लॉवर’ ही जहाजे ओढणारी वाफेची बोट बांधलेली असते. थोड्याच अंतरावर ब्रुनेलचे ‘एस. एस. ग्रेट ब्रिटन’ हे भव्य जहाज आहे. ते पाहायला तिकीट पडते आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. एम शेडमध्ये मात्र कोणीही सरळ आत जावे. हे संग्रहालय नगरपालिकेचे आहे, म्हणजे खर्च ब्रिस्टलचे लोक करांतून आधीच देऊन बसलेले आहेत. ‘फुकट’ हा शब्द इथे तसा चुकीचाच.

आत एक कांस्यपुतळा आहे. तो उभा नाही, आडवा पडलेला आहे. अंगावर लाल-निळ्या रंगाचे फराटे आहेत. हा एडवर्ड कोल्स्टन.

कोल्स्टन 1636 साली ब्रिस्टलमध्ये जन्मला, 1721 मध्ये वारला. त्याचे बहुतेक आयुष्य लंडनमध्ये गेले. ‘रॉयल आफ्रिकन कंपनी’ या गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीत तो 1680 पासून 1692 पर्यंत होता आणि काही काळ तिचा उपगव्हर्नरही होता. त्या बारा वर्षांत कंपनीने सुमारे 84,000 आफ्रिकन स्त्री-पुरुष-मुलांना जहाजांत कोंबून अटलांटिकपार नेले. त्यांपैकी सुमारे 19,000 माणसे वाटेतच मेली. 1698 मध्ये कंपनीची मक्तेदारी गेल्यावर ब्रिस्टलचे व्यापारी उघडपणे या धंद्यात उतरले. 1807 मध्ये ब्रिटनने हा व्यापार बंद करेपर्यंत या बंदरातून अशा दोन हजारांहून अधिक सफरी निघाल्या.

मग पुतळा कशाचा? दातृत्वाचा. कोल्स्टनने शाळा, वृद्धाश्रम, चर्चे यांना अमाप पैसा दिला. तरुण अभ्यासकांनी इथे थोडे थांबावे, कारण या दानाला अटी होत्या. लाभार्थी अँग्लिकन पंथाचा हवा. त्या पंथाबाहेरच्या प्रोटेस्टंटांच्या मुलांना त्याच्या शाळेचे दार बंद. दान देणारा ठरवतो कोण आत यायचे, आणि घेणाऱ्याने वर कृतज्ञही राहायचे. दीडशेहून अधिक वर्षांनी, 1895 मध्ये, शहरातील काही प्रतिष्ठितांनी याच दातृत्वाचा पुतळा उभा केला. वर्गणी पुरेशी जमली नव्हती, हेही नोंदवून ठेवावे. चौथऱ्यावरील लेखात त्याच्या सद्गुणांची आणि शहाणपणाची स्तुती होती. संपत्ती आली कुठून, याबद्दल अक्षर नव्हते.

पुढे ती पाटी दुरुस्त करण्याचा प्रयत्न झाला. 2018 मध्ये खुलासा करणारी दुसरी पाटी बसवायचे ठरले, पण कोणता शब्द ठेवायचा आणि कोणता सौम्य करायचा यावर इतका काथ्याकूट झाला की तिचा मसुदा 2019 मध्ये महापौरांनीच नाकारला. पाटी कधी लागलीच नाही. ‘सनदशीर मार्गाने का गेले नाहीत?’ असे विचारणाऱ्यांनी हा तपशील विसरू नये.

7 जून 2020 रोजी, अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर निघालेल्या मोर्चात, लोकांनी दोर लावून पुतळा खाली ओढला, रस्त्यावरून गडगडत नेला आणि गोदीच्या पाण्यात लोटला. ज्या पुलाजवळ तो बुडवला त्याचे नाव ‘पेरोचा पूल’. पेरो जोन्स हा एका मळेवाल्या व्यापाऱ्याने कॅरिबियन बेटावरून ब्रिस्टलला आणलेला गुलाम होता. चार दिवसांनी नगरपालिकेने पुतळा बाहेर काढला. चिखल धुतला, रंग मात्र ठेवला, आणि रंग निघून जाऊ नये म्हणून काळजी घेतली. 4 जून 2021 पासून तो एम शेडमध्ये, मोर्चातील फलकांसह, लोकांसमोर ठेवण्यात आला.

येथून पुढचा प्रसंग माझ्या मुद्द्याचा आहे. त्या वेळी महासाथीमुळे प्रवेशाची वेळ आगाऊ नोंदवावी लागे. नोंदणी अर्थातच मोफत. पुतळ्यांच्या रक्षणाची भाषा करणाऱ्या एका गटाने आपल्या समर्थकांना सांगितले की तिकिटे मोठ्या संख्येने नोंदवा आणि जाऊ नका, म्हणजे दालन रिकामे राहील. फुकट प्रवेशाचा असाही उपयोग होतो! तुमचे प्रदर्शन चुकीचे आहे असे म्हणणे हा त्यांचा हक्क होता. दुसऱ्याने ते पाहूच नये अशी व्यवस्था करणे हा नव्हे. पण या खटाटोपातून एक गोष्ट उघड झाली: उघड्या दाराची भीती कोणाला वाटते ती.

नगरपालिकेने नेमलेल्या इतिहास आयोगाने पुतळ्याचे काय करावे हे लोकांनाच विचारले. सुमारे 14,000 जणांनी उत्तरे दिली. शहरातील दर पाच उत्तरदात्यांपैकी चौघांनी सांगितले की तो संग्रहालयात असावा. 1895 मध्ये मूठभरांनी ठरवलेली गोष्ट या वेळी हजारोंना विचारून ठरली. पुतळा पाडल्याबद्दल खटला भरलेल्या चौघांना 5 जानेवारी 2022 रोजी ज्यूरीने निर्दोष ठरवले. 2024 मध्ये पुतळा एम शेडमधील निषेधाच्या परंपरेवरील प्रदर्शनात कायमचा मांडला गेला.

एक आक्षेप गंभीर आहे. ‘संग्रहालयात ठेवा’ हा पुष्कळदा अडचणीची गोष्ट अडगळीत टाकण्याचा सभ्य मार्ग असतो. रस्त्यावरचा वाद काचेआड गेला की थंड होतो. तिकीट लावले की आणखी थंड होतो. ज्यांच्या पूर्वजांची ही कहाणी आहे त्यांनी ती पाहायला पैसे मोजावेत, ही तर शुद्ध थट्टा. म्हणून मला वाटते की ब्रिस्टलचा निर्णय दोन गोष्टींमुळेच योग्य ठरतो: पुतळ्यावरचा रंग ठेवला आणि दार विनामूल्य ठेवले. यांतली एक जरी वगळली असती तरी मी पाडणाऱ्यांच्या बाजूने म्हटले असते की त्याला गोदीतच राहू द्यायला हवे होते.

याच संग्रहालयात एक हिरवी दुमजली बस आहे, ती पाहिल्याशिवाय बाहेर पडू नये. 1963 पर्यंत ब्रिस्टलची बस कंपनी चालक-वाहक म्हणून कृष्णवर्णीय वा आशियाई माणसाला घेत नसे, आणि गोऱ्या कामगारांच्या संघटनेच्या स्थानिक शाखेचाही त्याला पाठिंबा होता. गाय बेली या तरुणाची मुलाखत तो वेस्ट इंडियन आहे हे कळताच रद्द झाली. पॉल स्टीफन्सन, रॉय हॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 30 एप्रिलला बसवर बहिष्कार पुकारला. 28 ऑगस्टला कंपनीने माघार घेतली. वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचे ते विख्यात भाषण झाले तोच हा दिवस. आणि 17 सप्टेंबरला कामावर रुजू झालेला पहिला बिगरगोरा वाहक कोण? रघबीर सिंग, एक शीख. वंशभेदाविरुद्धचा ब्रिटनचा पहिला कायदा 1965 मध्ये झाला, त्याच्या पार्श्वभूमीला हा लढा आहे.

आता आपल्याकडे वळू, कारण रंगाचा प्रश्न आपल्याला नवा नाही. कोल्स्टनचा पुतळा उभा राहिला त्याच्या पुढच्याच वर्षी, 1896 मध्ये, मुंबईतील राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला दामोदर चापेकरांनी डांबर फासले. ते निघता निघेना. शेवटी रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांनी ते उतरवले आणि त्यांच्या कौशल्याची वाहवा झाली. स्वातंत्र्यानंतर हा पुतळा रस्त्यावरून हलला आणि भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड मुंबई शहर संग्रहालयाच्या आवारात आला. रसायनशास्त्र म्हणून गज्जरांचे काम थोरच होते, पण त्याबरोबर पुतळ्याच्या चरित्रातील सर्वांत बोलके पान पुसले गेले. डांबर परत फासा असे कोणी म्हणणार नाही. चापेकरांचे डांबर आणि गज्जरांची रसायने ही हकिगत त्या दगडाशेजारी मराठीत, ठळक अक्षरांत वाचता यावी, आणि शाळकरी पोराला ती वाचण्यासाठी खिसा चाचपावा लागू नये, एवढी मागणी मात्र करायला हवी.

जाता जाता ब्रिस्टलची एक गोष्ट राहिली. पाण्यातून काढलेला पुतळा साफ करताना कोटाच्या घोळात गुंडाळून ठेवलेले 1895 चे एक मासिक सापडले. पुतळा बसवणाऱ्या कामगारांनी त्यावर हाताने आपली नावे लिहून ठेवली होती. तेही आता संग्रहालयाच्या ताब्यात आहे.