एका एकराची पऱ्हाटी

दाबलेल्या भुशाच्या कांड्यांची, म्हणजे पेलेटची, शेगडी धूर करू लागली की आधी एक पेलेट हातात घेऊन मोडून बघावा. काडकन तुटला तर तो कोरडा आहे. बोटांत चुरा झाला, तर त्यानं हवेतली ओल धरली आहे. मग शेगडीचा पंखा कितीही वाढवा, आधी ते पाणी आटणार आणि नंतर आच लागणार. आमच्या गल्लीतल्या एका सुनेनं परवा विचारलं, "काकू, शेगडी एवढी धुपते काहून?" तिचं पोतं न्हाणीच्या भिंतीला टेकलेलं होतं. पेलेट घट्ट झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून वर ठेवायचे. यवतमाळच्या पावसाळ्यात तर याला पर्यायच नाही.

चूल खालून पेटते, ही शेगडी वरून पेटवायची असते. पेलेट एकदाच भरायचे, वरच्या भोकांच्या रांगेखाली दोन बोटं जागा सोडून. वर तुराट्यांचे बारीक तुकडे ठेवून काडी लावायची. आग हळूहळू खाली उतरते, तापलेले पेलेट वायू सोडतात आणि तो वायू वरच्या भोकांतून येणाऱ्या ताज्या हवेत जळतो. स्वयंपाक होतो तो या वायूवर. म्हणूनच मधे आच कमी वाटली तरी वरून मूठभर पेलेट टाकू नयेत. ज्योत दबते, वायू न जळताच बाहेर पडतो आणि घर धुरानं भरतं. घरगुती शेगडीत एका भरणीला अर्धा-पाऊण किलो पेलेट लागतात, आच तासभर पुरते. त्या तासाचा स्वयंपाक आधी ठरवून ठेवला की इंधन वाया जात नाही.

हवेचा अंदाज भांड्यावरून येतो. बूड काळं पडत असेल तर हवा कमी पडते आहे. ज्योत भांड्याच्या कडेनं वर पळत असेल, ठिणग्या उडत असतील, तर हवा जास्त झाली आणि उष्णता भांड्याला न लागताच निघून चालली. सुरुवातीला पंखा मोठा ठेवावा आणि ज्योत सगळीकडे धरली की उतरवावा. शेवटी नुसते निखारे राहिले की पंखा अगदी बारीक करायचा. त्या आचेवर वांगं फार सुरेख भाजतं. आणि शेगडी कोणतीही असो, ती उघड्या खिडकीजवळच हवी.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते राखेकडे. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या, पेलेटची राख लाकडाच्या पेलेटपेक्षा बरीच जास्त असते. पऱ्हाटी मुळासकट उपटलेली असते, त्यामुळे मुळांची माती भुशात येते. मोठ्या आचेवर ही राख वितळते आणि तिचे खडे जाळीला चिकटतात. खालची हवा तिथंच अडते. रोज सकाळी थंड शेगडी उलटी करून झटकावी, भोकं खराट्याच्या काडीनं मोकळी करावीत, पंख्याच्या पात्यांवरची धूळ कोरड्या ब्रशनं काढावी. भारतीय मानक 13152 पंख्याच्या शेगडीकडून किमान 35 टक्के उष्णता भांड्यात उतरण्याची अपेक्षा करतं, बिनपंख्याच्या शेगडीकडून 25. साध्या चुलीत ती दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपासच असते. पण ते 35 टक्के कोरड्या इंधनावर आणि मोकळ्या भोकांवर मोजलेले असतात. घरात ते टिकवायचे तर ही झाडलोट रोजची.

एवढी निगा राखूनही शेगडी बंद पडू शकते, कारण पेलेटच मिळेनासे होतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधनातून 'ऊर्जा' नावाची पेलेटची शेगडी तयार झाली होती. आधी बीपी कंपनीनं आणि पुढे पुण्याच्या फर्स्ट एनर्जीनं ती विकली. महाराष्ट्र-कर्नाटकासह काही राज्यांत चारेक लाख घरांत ती गेली. शेगडी चांगलीच होती. पण पेलेटसाठी लागणारा शेतातला भुसा-चोथा कारखान्यांच्या बॉयलरलाही हवा होता. पेलेट महागले, घरातल्या बाईला ते परवडेनात आणि कंपनी खानावळी-हॉटेलांच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

आपल्या जिल्ह्यात याची पुनरावृत्ती होऊ नये, असं मला मनापासून वाटतं. राळेगावपासून वणीपर्यंत, कापूस निघून गेल्यावर शेतात पऱ्हाटी उरतेच. 2017 च्या गुलाबी बोंडअळीनंतर तर कृषी विभाग सारखं सांगतो आहे की तिचे ढीग बांधावर, घराशेजारी ठेवू नका, वाळक्या बोंडांत अळी दडून राहते. चुलीसाठी मात्र बाया ढीग ठेवतात, कारण सिलिंडर घरात असला तरी आंघोळीचं पाणी आणि भाकरी अजून पुष्कळ घरांत चुलीवरच होते. पऱ्हाटीचा भुगा करून तो दाबला तर अळीचा आसरा जातो आणि जळणही हाती राहतं. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं यावर काम केलेलं आहे. कोरड्या पऱ्हाटीत किलोमागे सुमारे चार हजार किलोकॅलरी उष्णता असते आणि हेक्टरी दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते. दिवसाला दोन किलो पेलेट धरले तर घराला वर्षाला सातशे-साडेसातशे किलो लागतात. म्हणजे एका एकराची पऱ्हाटी एका घराला वर्षभर पुरावी.

कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांनी पाच टक्के जैवइंधन मिसळावं, असं केंद्राच्या 2021 च्या धोरणानं सांगितलं. धोरण चांगलं आहे, पऱ्हाटीला भाव येईल. पण तो भाव चुलीपुढच्या बाईला पुन्हा बाजूला ढकलणार नाही, हे आधी बघायला हवं. आपण गिरणीवर दळण नेतो तशी पऱ्हाटी नेता यावी. आपला माल द्यायचा, करणावळ मोजायची आणि आपलेच पेलेट घरी आणायचे. मशीन शेतकरी उत्पादक कंपनीचं असो की महिला बचत गटाचं, फेब्रुवारीत पऱ्हाटी उपटली जाते तेव्हा ते गावात चालू असलं पाहिजे, म्हणजे उन्हाळ्यात कोरडा माल पोत्यांत भरून होईल. घराघरांचा वाटा देऊन जे उरेल ते खुशाल वीजकेंद्राला विकावं.