खेकडावृत्ती : एका आळशी रूपकाविषयी

मराठी वैचारिक गद्यात काही शब्द असे रुळले आहेत की ते आले म्हणजे विचार थांबतो. ‘खेकडावृत्ती’ हा त्यांतला अग्रणी. संमेलनातला वाद असो, एखाद्या नियतकालिकाचे बंद पडणे असो वा मराठी उद्योजकाचे अपयश असो. बरणीतल्या खेकड्यांची गोष्ट सांगितली की कारणमीमांसा संपली, असे आपले वक्ते आणि समीक्षक समजतात. बरणीला झाकण लागत नाही, कारण वर चढणाऱ्याचा पाय खालचे ओढतात. आणि हे खेकडे म्हणे खास मराठी! फिलिपिन्समधले लोक हीच गोष्ट स्वतःच्या समाजाविषयी तितक्याच खात्रीने सांगतात. पण आमचा आक्षेप त्याहून मूलभूत आहे. ज्या प्राण्यावर हे रूपक उभे आहे, त्याच्याकडे ते वापरणाऱ्यांनी कधी पाहिलेलेच नाही.

पाहायचे तर पेण-रोह्याकडे पाहावे. पेणच्या बाजूला अंबा नदी धरमतरच्या खाडीला मिळते. रोह्यावरून कुंडलिका रेवदंड्याच्या खाडीकडे जाते. खाडीकाठच्या खारफुटीत चिंबोरी बिळे करते आणि त्या बिळांमुळे घट्ट चिखलात हवा-पाणी खेळते. मादी जुने कवच टाकण्याच्या बेतात आली की नर तिला आपल्या अंगाखाली धरून कित्येक दिवस राखतो. पुढे अंडी उबवण्यासाठी ती खुल्या समुद्राकडे जाते आणि तिथे वाढलेली पिल्ले खाडीत परततात. वरच्या अंगाला, ओढ्यांत आणि भातखाचरांत, मुठे असतात. त्यांच्या अंड्यातून थेट इवलासा खेकडाच बाहेर येतो आणि काही काळ आईच्या पोटाखालच्या घडीत राहतो. युरोप-अमेरिकेच्या नद्यांत कुजका पाला खाऊन पाणी राखण्याचे काम क्रेफिश करतो. भारतात मूळचा क्रेफिश नाहीच. इथे ते काम गोड्या पाण्यातल्या खेकड्यांकडे आहे.

याच दशपाद कुळातला शेवंड तर रूपकाला उघड खोटे पाडतो. काटेरी शेवंडाला खेकड्यासारख्या नांग्या नसतात. तो कपारीत पुष्कळदा सोबतीने राहतो. कॅरिबियन समुद्रातले त्याचे भाऊबंद शरद ऋतूत एकामागे एक रांग धरून समुद्रतळावरून स्थलांतर करतात. त्या रांगेवरून कोणी ‘शेवंडवृत्ती’ असा शब्द का घडवला नाही?

मऊ कवचाच्या चिंबोरीला दुसरी चिंबोरी खाते, हे खरे आहे. दाटी वाढली की हे प्रमाणही वाढते. पण दाटी कोणी केली? बरणी खेकड्याने बनवलेली नाही. तिच्या गुळगुळीत भिंतीला त्याचे पाय लागत नाहीत, म्हणून हाती येईल ते तो धरतो. मग ती काठी असो वा शेजाऱ्याचा पाय. आपण ज्याला मत्सर म्हणतो तो आधाराचा शोध आहे. ‘खेकडावृत्ती’ म्हणणारा टीकाकार नेमके हेच झाकतो. नियतकालिक का बंद पडले, पैसा कुठून येत होता, वितरण कोणाच्या हाती होते, हे प्रश्न तो विचारत नाही. त्याला खेकडे दिसतात, बरणी दिसत नाही.

हा केवळ शैलीचा दोष नव्हे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि वीसहून अधिक माणसे गेली. तत्कालीन जलसंधारणमंत्री तानाजी सावंत यांनी त्याचा दोष खेकड्यांवर ठेवला. लोक हसले, संतापले. परंतु हे विधान करण्याचा धीर कुठून आला, याचा विचार साहित्यवाल्यांनी करायला हवा होता. माणसांच्या हलगर्जीपणाची चौकशी व्हायला हवी तिथे खेकड्याचे नाव घेण्याची सवय आपणच भाषेला लावली आहे.

धरमतरच्या काठचा खारभूमीतला शेतकरी याहून शहाणा. बांधात चिंबोरीची बिळे असणारच, हे तो गृहीत धरतो. खांड जाऊ नये म्हणून बिळे बुजवणे आणि बांध राखणे हे माणसांनी मिळून करायचे काम आहे, हे त्याला ठाऊक असते. आमच्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी रूपकांचे वर्गीकरण जरूर शिकावे. पण आधी रूपकातला प्राणी कुठे राहतो, काय खातो, पिल्ले कशी वाढवतो, याची चौकशी करावी. तोवर ‘खेकडावृत्ती’ हा शब्द ज्या लेखात येईल, त्या लेखाला त्याच जागी थांबवून विचारावे : बरणी कोणाची?