करमणुकीची पदवी? हसण्याआधी जरा थांबा!



तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी पेढे घेऊन शिक्षक खोलीत आली. मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालेली, तेही चांगल्या गुणांनी. "पुढे काय गं?" मी सहज विचारलं. ती म्हणाली, "बाई, मला रिक्रिएशन थेरपीत मास्टर्स करायचंय. खेळ, गाणी, बागकाम, सहली यांतून आजारी माणसाला पुन्हा उभं करायचं. त्याचं शास्त्र असतं."

शिक्षक खोलीत हशा पिकला. एक सर म्हणाले, "म्हणजे पत्ते कुटायची पदवी! मग आमच्या गावच्या पारावर सगळे पीएच.डी.च बसलेत." पोरगीही हसली, पण तिचा चेहरा उतरला. खरं सांगायचं तर त्या हसण्यात मीही होते. हा लेख म्हणजे त्या हसण्याची थोडीशी भरपाई समजा.

कॅरमने मला शिकवलेला धडा

त्यानंतर वर्षभरातच माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. औषधे झाली, दवाखाना झाला, घरी फिजिओथेरपिस्ट येऊ लागला. तो रबरी चेंडू हातात द्यायचा आणि म्हणायचा, "काका, वीस वेळा दाबा." अण्णा तीन वेळा दाबायचे आणि चेंडू बाजूला ठेवायचे. "बास झालं." रोज तेच. दिवसभर भिंतीकडे बघत बसायचे. चाळीस वर्षे नोकरी केलेला माणूस, पण "आता माझा काय उपयोग" एवढं एकच वाक्य तोंडात.

एके दिवशी त्या मुलाने विचारलं, "काका, आधी संध्याकाळी काय करायचात?" अण्णा म्हणाले, "कॅरम." दुसऱ्या दिवशी माळ्यावरचा बोर्ड खाली आला. बोरिक पावडर आली. शेजारचे दोन जुने भिडू आले. पहिल्या दिवशी अण्णांचा स्ट्रायकर दोन इंचही सरकला नाही. पण चेंडू तीन वेळा दाबून थकणारा माणूस चाळीस मिनिटे ताठ बसला! पंधरा दिवसांनी राणी कव्हर झाली की नाही यावरून त्यांनी मोठ्याने भांडण केलं, आणि स्वयंपाकघरात माझी आई डोळे पुसत हसली.

चमत्कार झाला असे मी म्हणणार नाही. अण्णांचा हात पूर्ण कधीच सुधारला नाही. पण माणूस परत आला. मी त्या मुलाचे आभार मानले तेव्हा तो म्हणाला, "हे आम्हाला असं कुणी शिकवलं नव्हतं हो काकू. सुचलं म्हणून केलं."

हेच वाक्य माझ्या मनात घर करून बसलं आहे. त्याला सुचलं म्हणून झालं. नसतं सुचलं तर? एखाद्या माणसाचं पुन्हा उभं राहणं कुणाच्या सुचण्यावर अवलंबून असावं का? माझे मत असे की नसावे. आणि म्हणूनच या विषयाचे रीतसर, पदव्युत्तर पातळीवरचे शिक्षण आपल्याकडे हवे.

फुरसत म्हणजे रिकामटेकडेपणा नव्हे

आपल्या मनात एक पक्कं समीकरण बसलंय. काम म्हणजे पुण्य, फुरसत म्हणजे आळस. पण गंमत बघा. इंग्रजीतला 'स्कूल' हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्या 'स्खोले' चा मूळ अर्थच मुळी फुरसत! ज्याला फुरसत आहे तो विचार करील, चर्चा करील, शिकेल, अशी ती कल्पना होती. आपण मात्र शाळेतला खेळाचा तास गणिताला देऊन टाकतो.

कायद्यांनीही ही गोष्ट गंभीरपणे घेतली आहे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात कलम २४ विश्रांती आणि फुरसतीचा हक्क सांगते. १९८९ च्या बालहक्क करारातील कलम ३१ मुलांच्या खेळण्याचा हक्क मान्य करते. २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात कलम ३० सांस्कृतिक जीवन, करमणूक आणि क्रीडा यांतील सहभागाबद्दल आहे. आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही, कलम २० मध्ये, उपचार संस्थेत राहणाऱ्या रुग्णाला फुरसत आणि करमणुकीच्या सोयी मिळाल्या पाहिजेत असे म्हटले आहे.

हक्क तर मिळाला. पण तो प्रत्यक्षात उतरवणारा माणूस कोण? हॉलमध्ये एक टीव्ही लावला की झाली का करमणुकीची सोय?

करमणूक वेगळी, करमणुकीतून उपचार वेगळा

वृद्धाश्रमात आपण काय करतो ते आठवा. कुणाच्या तरी वाढदिवसाला जातो. दोन गाणी म्हणतो, फळे वाटतो, फोटो काढतो आणि निघतो. हेतू चांगलाच असतो, पण हा उपचार नव्हे. शिकलेल्या हातांत हेच काम कसे होते?

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर जखमी सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये या कामाला मोठी चालना मिळाली. पुढे १९८१ मध्ये तिथे या क्षेत्रातील व्यावसायिकांना प्रमाणपत्र देणारी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. हे लोक चार पायऱ्यांनी काम करतात. आधी तपासणी, मग आराखडा, मग प्रत्यक्ष कृती आणि शेवटी मूल्यमापन. आम्हा शिक्षकांना ही पद्धत ओळखीची वाटेल. पूर्वज्ञान चाचणी, पाठ टाचण, अध्यापन आणि मूल्यमापन! फरक एवढाच की इथे 'विद्यार्थी' रुग्ण असतो.

आता पुन्हा कॅरमकडे या. स्ट्रायकर मारताना बोटांची नेमकी हालचाल लागते, मनगट लागते, तोल सांभाळून पुढे झुकावे लागते. नजर आणि हात यांचा मेळ लागतो. आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते, गुण मोजावे लागतात, हरणे पचवावे लागते. प्रशिक्षित माणूस हे सगळे सुटे करून बघतो. पहिल्या आठवड्यात हा माणूस किती वेळ आधाराविना बसतो? सहाव्या आठवड्यात किती? बोलायला आपणहून सुरुवात करतो का? नोंद ठेवतो आणि उपयोग होत नसेल तर खेळ बदलतो.

शिवाय प्रत्येक खेळ प्रत्येकाला मानवतो असेही नाही. जुगाराच्या व्यसनातून बाहेर पडणाऱ्याच्या हाती पत्ते देऊन चालेल का? ७५ वर्षांच्या निवृत्त मुख्याध्यापकांना स्मृतिभ्रंश झाला म्हणून लहान मुलांचे रंगवायचे पुस्तक पुढे सरकवले, तर तो उपचार की अपमान? इथेच 'त्यात काय शिकायचंय' या प्रश्नाचे उत्तर मिळते.

या विषयातले पीटरसन आणि गन यांचे एक प्रारूप प्रसिद्ध आहे. त्याचे तीन भाग आहेत. पहिला, हातापायांच्या किंवा मनाच्या क्षमतेवर काम. दुसरा, फुरसतीचे शिक्षण. म्हणजे घरी गेल्यावर आपला वेळ कसा घालवायचा, बागेपर्यंत बसने कसे जायचे, मंडळात पुन्हा नाव कसे घालायचे, हे शिकवणे. तिसरा, स्वतःच्या मर्जीने आनंद घेणे. सुरुवातीला सूत्रे बरीचशी उपचारकाच्या हातात असतात, शेवटी ती रुग्णाच्या हातात जायला हवीत. चांगल्या शिक्षकाचेही हेच असते ना? विद्यार्थ्याला आपली गरज उरली नाही की आपण जिंकलो.

पदव्युत्तर अभ्यासात शिकायचं तरी काय?

शरीररचना आणि अपंगत्वाची ओळख, मानसशास्त्र, तपासणीची साधने, कार्यक्रमाची आखणी, संख्याशास्त्र, संशोधन पद्धती, रुग्णाची गोपनीयता आणि व्यवसायाची नीती असे विषय येतात. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात करमणूक आणि फुरसत या विषयाचा स्वतंत्र विभाग असून तिथे एम.ए. आणि पीएच.डी.पर्यंत शिकता येते. अमेरिकेतील प्रमाणपत्राचा नेहमीचा मार्ग घेतला तर पदवीबरोबर किमान १४ आठवडे आणि ५६० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो, वर परीक्षा द्यावी लागते. पारावर बसून ही पदवी मिळत नाही, हे आमच्या सरांना नम्रपणे सांगते.

तिथे काम करायला पदवीही पुरते. मग पदव्युत्तर कशाला? तर हे करून खरंच फरक पडतो का, कुणाला पडतो, किती दिवस टिकतो, हे तपासायला. आणि पुढच्यांना शिकवायला. आपल्याकडे नेमकी याच दोन गोष्टींची उणीव आहे.

आपल्याकडे काय आहे?

काहीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालवले. आनंदवनात अपंग कलाकारांचा 'स्वरानंदवन' वाद्यवृंद उभा राहिला. माणसे आहेत, तळमळ आहे. पण तळमळ माणसाबरोबर येते आणि माणसाबरोबर जाते. अभ्यासक्रम मागे राहतो.

२०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याने तर अनुसूचीत कला आणि नृत्य उपचारकांबरोबर करमणूक उपचारकाचेही नाव घेतले आहे. कायद्यात नाव आले, आता विद्यापीठात यायला हवे.

काही आक्षेप

पहिला आक्षेप, "हे काम व्यवसायोपचारवाले करतातच की." बरोबर आहे, थोडेफार करतात. पण त्यांच्यासमोर आंघोळ, जेवण, कपडे, नोकरी अशी मोठी यादी असते. फुरसत शेवटी येते आणि बहुतेक वेळा राहूनच जाते.

दुसरा, "हे परदेशी खूळ आहे." त्यावर एक आठवण करून देते. १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची देशातली पहिली शाळा सुरू झाली. ती सुरू करणाऱ्या कमला निंबकर जन्माने अमेरिकन होत्या. तो विषय आज कुणाला परका वाटतो? आणि भोंडला, भजनी मंडळ, जात्यावरच्या ओव्या हे तर आपलेच आहे. उलट इथे अभ्यासक्रम निघाला तर भजनी मंडळाने एकटेपणा किती कमी होतो यावर प्रबंध लिहिला जाईल. तो वॉटर्लूमध्ये बसून कोण लिहिणार?

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे. "नोकरी कुठे?" इथे मी खोटी आशा दाखवणार नाही. आज या नावाची पदे शोधून सापडायची नाहीत. कर्ज काढून परदेशी जा, असे मी कुठल्याही मध्यमवर्गीय मुलाला डोळे झाकून सांगणार नाही. पण २०११ च्या जनगणनेतच देशात साठीपुढची माणसे १० कोटींहून अधिक होती. गरज आहे, पण पद नाही. पद नाही म्हणून कोर्स नाही, आणि कोर्स नाही म्हणून पद नाही. हे रडगाणे कुठून तरी तोडावेच लागेल.

मग करायचं काय?

माझ्या मते सुरुवात छोटी असावी. एखाद्या विद्यापीठाने मानसशास्त्र, शारीरिक शिक्षण आणि समाजकार्य हे विभाग एकत्र आणून दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू करावा. जवळचे एक रुग्णालय, एक वृद्धाश्रम आणि एक विशेष शाळा जोडून घ्यावी. सरकारी मनोरुग्णालयांत निदान एक-एक पद निर्माण करावे. प्रवेश मोजकेच द्यावेत, पण प्रत्यक्ष अनुभवाच्या तासांत सूट देऊ नये.

आणि विद्यार्थ्यांनो, तोपर्यंत तुम्ही? आधी मानसशास्त्र, व्यवसायोपचार, समाजकार्य किंवा शारीरिक शिक्षण यांपैकी एक पाया पक्का करा. एखाद्या संस्थेत सहा महिने स्वयंसेवक म्हणून जा. फळे वाटायला नको, वही घेऊन जा. एका आजोबांचे निरीक्षण करा, नोंद ठेवा. आणि चार रविवारी प्रमाणपत्र देणाऱ्या 'थेरपी कोर्स'च्या जाहिरातींपासून जरा जपून राहा. कोण शिकवणार, प्रत्यक्ष अनुभव किती तासांचा, मान्यता कुणाची, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय फी भरू नका.

जाता जाता

गेल्या महिन्यात मी त्या विद्यार्थिनीला फोन केला. ती आता एका खाजगी कंपनीत आहे. मी तिला अण्णांच्या कॅरमची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, "त्या दिवशी मी हसले, ते चुकलंच माझं." ती म्हणाली, "जाऊ द्या हो बाई, आता कुठे तो विषय." आणि मग त्याच विषयावर अर्धा तास बोलत राहिली. अण्णा कोणत्या हाताने स्ट्रायकर धरायचे, किती वेळ बसायचे, बोर्डाची उंची किती ठेवली होती, सगळं तिने विचारून घेतलं.

अशी मुले आपल्या वर्गात असतात. आपण त्यांना हसलो तर ती गप्प बसतात आणि दुसरी वाट धरतात. नुकसान त्यांचं होतंच, शिवाय भिंतीकडे बघत बसलेल्या कुणाच्या तरी अण्णांचंही होतं. म्हणून उद्या तुमच्या वर्गातला एखादा मुलगा असं काही वेगळं बोलला, तर आधी एवढंच म्हणा, "बस इथे, सांग नीट."

तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.