लॉटरीत नंबर लागला नाही, त्यानिमित्ताने

परवा संध्याकाळी आमच्या डिस्ट्रिक्टच्या मॅग्नेट लॉटरीचा निकाल ईमेलवर आला आणि दहाव्या मिनिटाला मराठी पालकांच्या ग्रुपवर युद्ध पेटलं. "हा मेरिटचा खून आहे." "आपल्या मुलांनी मेहनत करायची आणि यांनी चिठ्ठ्या काढायच्या." एकाने तर "तिकडे आरक्षण, इकडे लॉटरी, जायचं कुठे?" असंही लिहिलं. मी गप्प बसले, कारण राग मलाही आला होता. लेकीला सहावीसाठी स्टेमची शाळा हवी होती. तिचा वेटलिस्टवर ४१वा नंबर आहे. म्हणजे नाहीच.

तिने मला विचारलं, "आई, माझं काय चुकलं?" मी म्हटलं, काही नाही, कॉम्प्युटरने आकडे काढले, तुझा मागे राहिला. हे बोलताना माझ्या लक्षात आलं की निदान हे उत्तर तरी खरं आहे. परीक्षेत ती दोन मार्कांनी मागे पडली असती तर मी हे म्हटलं नसतं. मी क्लास शोधायला घेतला असता.

भारतातल्या मित्रमंडळींसाठी थोडक्यात सांगते. मॅग्नेट म्हणजे सरकारीच शाळा, फी नाही, पण एखाद्या खास विषयाची. कुठे स्टेम, कुठे माँटेसरी, कुठे नाटक-संगीत, कुठे निम्मा दिवस स्पॅनिशमधून शिकवतात. एरवी इथे घराचा पत्ता ज्या शाळेच्या हद्दीत, तिथेच मूल जातं. मॅग्नेटला डिस्ट्रिक्टमधून कुठूनही अर्ज करता येतो. जागा कमी, अर्ज जास्त, म्हणून सोडत.

ही सोडतसुद्धा एकाच मडक्यातून निघते असं समजू नका. आधी ज्यांची भावंडं त्या शाळेत आहेत ती मुलं, मग शाळेजवळ राहणारी, मग खालच्या वर्गात त्याच प्रकारच्या शाळेत असलेली. काही ठिकाणी घरच्या उत्पन्नाचाही विचार होतो. या सगळ्यांतून उरलेल्या जागांसाठी आपण रीफ्रेश मारत बसतो.

आपल्यापैकी बरेच जण असं धरून चालतात की या शाळा हुशार मुलांसाठी काढल्या आणि नंतर कोणीतरी त्या बिघडवल्या. इतिहास तसा नाही. देशातली पहिली मॅग्नेट म्हणून जी ओळखली जाते, ती १९६८ साली वॉशिंग्टन राज्यात टकोमाला सुरू झाली, मॅकार्व्हर एलिमेंटरी. कृष्णवर्णीय वस्तीतली शाळा इतकी चांगली करायची की गोऱ्या घरांतली मुलं आपणहून तिथे येतील, ही कल्पना होती. सक्तीच्या बसला कंटाळलेल्या शहरांनी पुढे तीच उचलली. २००७ साली सुप्रीम कोर्टाने निव्वळ वंश बघून मुलांना शाळा देण्यावर बंधन आणलं, तेव्हा काही डिस्ट्रिक्ट उत्पन्न आणि वस्तीकडे वळली. आपण या गोष्टीत खूप उशिरा आलो, एचवन-बीवर, आणि आलो ते थेट शाळांचं रेटिंग बघत.

परीक्षा घ्या म्हणणाऱ्यांचं मी ऐकून घेते, त्यात तथ्य आहेच. सॅन फ्रान्सिस्कोच्या लोवेल हायस्कूलने २०२० मध्ये कोव्हिडमुळे प्रवेश लॉटरीवर नेला, पुढे तेच कायम करायला बघितलं. २०२२ मध्ये मतदारांनी बोर्डाचे तीन सदस्य घरी पाठवले. त्यात आशियाई पालकांचा राग मोठा होता. लोवेलला गुण आणि परीक्षा परत आल्या. पण व्हर्जिनियातल्या थॉमस जेफरसनचंही बघा. परीक्षेच्या शेवटच्या वर्षी, २०२० ला, तिथे ४८६ मुलं निवडली गेली. त्यात कृष्णवर्णीय मुलं इतकी कमी की दहाच्या आतला आकडा म्हणून तो जाहीरसुद्धा केला नाही. परीक्षेच्या तयारीचे क्लास तिथे किती आधीपासून लावतात ते मी नव्याने सांगायला नको, आपल्यातलेच काही जण ते चालवतात. परीक्षा काढल्यावर पालकांची संघटना कोर्टात गेली, २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

माझं भांडण लॉटरीशी नाही, परीक्षेशीही नाही. मेरिलँडमधल्या माँटगोमेरी काउंटीत आधी मार्कांवर मुलं पात्र ठरवली आणि मग पात्र मुलांत सोडत काढली. पात्र मुलं जागांपेक्षा कितीतरी जास्त होती म्हणूनच ती काढावी लागली. म्हणजे तिथे मेरिटवाल्यांचं समाधान करूनही शेवटी रडू तेच.

आपण म्हाडाच्या सोडती बघत वाढलो ना? घर लागलं नाही म्हणून "अर्जदारात मेरिट नव्हतं" असं कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही. लोक म्हणायचे, घरंच कमी बांधली. इथे मात्र तोच साधा हिशोब आपल्याला सुचत नाही. कुठल्या शाळेला किती अर्ज आले, किती मुलं वेटलिस्टवर राहिली, हे डिस्ट्रिक्टकडे दर वर्षी आयतं असतं. ज्या शाळेबाहेर दर वर्षी रांग लागते तिथे दुसरी तुकडी का निघत नाही? लॉटरीमुळे तो प्रश्न बोर्डापर्यंत पोचतच नाही, "नशिबात नव्हतं" म्हणून घरीच विरतो. खर्च आहे, मान्य. स्पॅनिशमधून गणित शिकवणारे शिक्षक वाटेत पडलेले नाहीत, लांबून येणाऱ्या मुलांच्या बस महाग पडतात, आणि सगळी उत्साही घरं मॅग्नेटला गेली की हद्दीतली शाळा ओस पडते. ही शेवटची अडचण खरी अवघड, तिचं उत्तर माझ्याकडे नाही. पण तुकडीच काढायची नसेल तर तसं समोर येऊन सांगा.

आता जे लिहायला चार दिवस घेतले ते. लेकीच्या वर्गात एक मुलगी आहे, घरी स्पॅनिश बोलतात, आई रात्रपाळीला सफाईचं काम करते. गणितात ती माझ्या लेकीपेक्षा सरस आहे, हे लेक स्वतः सांगते. तिने अर्जच केला नव्हता. त्या माऊलीला असं काही असतं हेच ठाऊक नव्हतं. मला तीन वर्षांपासून ठाऊक होतं. ओपन हाउस, कुठली शाळा पहिल्या पसंतीला टाकायची, शटलचा थांबा घरापासून किती लांब, सगळं. जानेवारीत पार्किंगमध्ये दोनदा भेटलो, हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मी सांगितलं नाही. विसरले असं म्हणता येईल, पण विसरले नव्हते. एक अर्ज वाढला की आपला चान्स तेवढा कमी, हे डोक्यात होतं. आणि आपल्या ग्रुपवरही "बाहेर फॉरवर्ड करू नका" असं लिहूनच त्या टिप्स फिरतात, त्या कोणासाठी लपवतो आपण?

काल तिला गाठून सांगितलं. दुसऱ्या फेरीचे अर्ज या शुक्रवारपर्यंत भरता येतात. स्टेमच्या जागा भरल्यात, पण आमच्या दोन शाळांत अजून आहेत. तिला बरंच कळलं, थोडं माझ्या मोडक्या स्पॅनिशमुळे राहिलं.

मंगळवारी बोर्डाची मीटिंग आहे. बोलायला तीन मिनिटं मिळतात, मी नाव नोंदवलंय आणि फक्त वेटलिस्ट आणि दुसऱ्या तुकडीबद्दलच विचारणार आहे. कोणी बरोबर येणार असेल तर कळवा. आणि ज्यांना बरं स्पॅनिश येतं त्यांनी गुरुवारी संध्याकाळी लायब्ररीत तासभर वेळ काढा, मी आणखी दोन घरांना तिथे बोलावलंय.