मक्याला गाडी का लागत नाही? पाचोऱ्याच्या ट्रकभाड्याचा हिशेब

मका निघाला, पोत्यात भरला, व्यापाऱ्याने भावही बोलून ठेवला. पण 'गाडी लागली की उचलतो' म्हणत माल चार-पाच दिवस खळ्यावरच पडून राहिला. पाचोरा-भडगाव भागात हे नवीन नाही. राग निघतो तो ट्रकवाल्यावर. त्याचा हिशेब मात्र आपण सहसा मांडत नाही, आणि त्या हिशेबाचे पैसे शेवटी आपल्याच भावातून कापले जातात.

खान्देशातील बहुतेक ट्रक मोठ्या कंपन्यांचे नाहीत. एक-दोन गाड्या, त्यावर फायनान्सचा हप्ता आणि बऱ्याचदा मालकच ड्रायव्हर. असा माणूस जिथे भाडे बरे आणि गाडी लवकर भरते तिथे जातो. रावेर, यावल, मुक्ताईनगर पट्ट्यात केळीची कटाई जोरात असली की गाड्या तिकडे ओढल्या जातात. केळी नाशवंत, ती दिल्ली-पंजाबला वेळेत पोचवायची म्हणून व्यापारी भाडे वाढवून देतो. मक्याचे तसे नाही. माल जड, क्विंटलची किंमत कमी, आणि 'आज नाही तर परवा' चालते असे खरेदीदार धरून चालतो. त्यामुळे पाचोऱ्याचे मक्याचे भाडे ट्रकवाल्याच्या यादीत शेवटी येते.

चाळीसगावजवळच्या मका प्रक्रिया कारखान्यापर्यंतचे अंतर तर अगदी कमी आहे. पण ट्रकवाला किलोमीटरवर नाही, दिवसांवर जगतो. तासाभराच्या अंतरासाठी गेटबाहेर दीड दिवस रांगेत उभे राहावे लागले, तर त्या खेपेत त्याच्या हाती काय उरणार?

रिकामी गाडी कोणाच्या खिशातून परतते?

समजण्यासाठी एक ढोबळ हिशेब करू. पाचोरा ते दिल्ली साधारण ११०० किलोमीटर. दहा टायरची गाडी, १८ टन माल. भरलेली गाडी लिटरला ४ किलोमीटर देते आणि डिझेल ९० रुपये असे धरले, तर जाताना २७५ लिटर, म्हणजे २४,७५० रुपये. क्विंटलमागे सुमारे १३७ रुपये. परतीचे भाडे मिळाले नाही आणि रिकामी गाडी लिटरला ५ किलोमीटर चालली, तर आणखी १९,८०० रुपये. क्विंटलमागे ११० रुपये वाढले, तेही फक्त डिझेलचे. टोल, टायर, ड्रायव्हरचा भत्ता, हप्ता वेगळा. रिकामी गाडी म्हणून टोलनाक्यावर सूट नसते.

म्हणून भाडे फक्त अंतरावर ठरत नाही. माल जिथे उतरतो तिथून परतीचा माल मिळतो की नाही, यावर ते ठरते. उलट दिशेनेही हेच लागू आहे. पाचोऱ्यात सिमेंट, खत, किराणा घेऊन आलेली गाडी रिकामी परतण्यापेक्षा कमी भाड्यात मका न्यायला तयार असते. ही गाडी आपल्याला वेळेवर सापडत नाही, कारण तिची खबर ट्रान्सपोर्ट ऑफिसला असते, आपल्याला नसते.

धोरणे आणि ऑफिसचे नियम

जुलै २०१८ मध्ये केंद्राने गाड्यांची वजनमर्यादा वाढवली. तीन ॲक्सलच्या ट्रकचे एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टन झाले. कागदावर हे मालकाच्या फायद्याचे. पण माल तेवढाच राहून प्रत्येक गाडीची क्षमता वाढली, की तेवढ्याच मालाला कमी गाड्या पुरतात. जिथे आधीच माल कमी, तिथे भाड्यावर दबाव येणारच.

मग कमी भाडे भरून काढायला जास्तीचा माल भरला जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला २०,००० रुपये दंड आणि जादा प्रत्येक टनाला २,००० रुपये आहेत. व्यापारी किंवा आपण 'अजून दहा पोती टाक' म्हणतो, तेव्हा दंडाची पावती गाडीच्या नावावर फाटते. जुलै २०२५ मध्ये राज्यातील मालवाहतूकदारांनी ई-चलानच्या दंडाविरोधात संप केला, त्यामागे हाच साचलेला राग होता.

ट्रान्सपोर्ट ऑफिसची पद्धत वेगळीच. भाड्यातून कमिशन कापायचे, थोडी रक्कम आगाऊ द्यायची आणि बाकी पोचपावती आल्यावर. ती बाकी कधी मिळेल याचा नेम नाही; हप्त्याची तारीख मात्र ठरलेली असते. वर माल उतरवण्याची वाराई ट्रकवाल्याच्या माथी. 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही त्यांची मागणी माझ्या मते रास्त आहे.

रेल्वेचा पर्याय आपण पाहिला आहे. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळाली-दानापूर किसान रेल सुरू झाली, जळगाव-भुसावळला थांबे होते आणि पुढे फळे-भाजीपाल्याच्या भाड्यात ५० टक्के सवलत मिळाली. केळीला त्याचा उपयोग झाला. शंभर-दोनशे क्विंटल मक्याला तशी सोय नाही.

आपल्या हातात काय आहे

गाडी उशिरा आली तर नुकसान शेतातल्या मालाचे होते. लिंबू दोन दिवसांत पिवळे पडते. १४ टक्क्यांपेक्षा जास्त ओलाव्याचा मका पोत्यात अडकला तर बुरशी धरतो, आणि मग कारखाना तो उतरवूनच घेत नाही. म्हणून गाडीची खात्री होईपर्यंत मका पोत्यात भरू नये. वाळत ठेवावा, संध्याकाळी झाकावा.

गटाने किंवा शेतकरी कंपनीने विक्री करत असाल तर एकाच शिवारात पूर्ण गाडी भरेल एवढा माल एका तारखेला तयार ठेवा. तीन गावांत फिरून भरायची गाडी कोणी स्वस्तात देत नाही. हमाल आधी सांगून ठेवा. चार तासांत भरणाऱ्या ठिकाणी ट्रकवाला पुढच्या वेळी स्वतःहून फोन करतो. सिमेंट-खताच्या दुकानदारांकडे कोणत्या दिवशी कुठली गाडी उतरते, हे विचारून ठेवायला काही खर्च नाही. कृषी सहायकांनी गटांच्या व्हॉट्सॲपवर ही माहिती दिली तर तिचा उपयोग हवामान अंदाजाइतकाच होईल.

बिल्टीवर वजन, भाडे, आगाऊ रक्कम, बाकी कोण आणि किती दिवसांत देणार, वाराई कोणाची, आणि एक दिवसानंतर होल्टिंग किती, हे सहा मुद्दे लिहून घ्या. होल्टिंगवर व्यापारी अडून बसेल. तो मुद्दा भाव ठरवतानाच काढा, गाडी भरल्यावर नाही.